तीन पाळक आणि मागच्या सीटवरची बाई

माझी नात नऊ वर्षांची आहे. मस्कतमध्येच वाढली, इंडियन स्कूलमध्ये जाते, आणि मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळते. गेल्या महिन्यात अल अमेरातच्या आमच्या घरी कपाट आवरताना तिला आमच्या उपासना मंडळीची स्मरणिका सापडली. आत आजोबांचा फोटो दिसला म्हणून ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि फोटोखालचं पान मोठ्याने वाचू लागली. तो माझा एक उपदेश होता. तापाने फणफणलेली सहा वर्षांची मुलगी, तिला कडेवर घेऊन दवाखान्याकडे चालत निघालेली आई, वाटेत बर्फाच्या गोळ्याची गाडी, मुलीचा हट्ट, आईने घेऊन दिलेला लालभडक गोळा, मुलीचं हसू. वाचायला तिला अर्धा तास लागला.

"आजोबा, मग ती गर्ल बरी झाली ना?"

"लिहिलंय ना तिथे."

"हो, पण रियलमध्ये?"

"झाली," मी म्हणालो.

ती मुलगी बरी झाली नव्हती. तिला गोळाही मिळाला नव्हता. आणि ती गोष्ट माझी नव्हती. सत्तरीला टेकलेल्या माणसाने नातीशी इतकं सहज खोटं बोलावं, याची त्या दिवशी मला लाज वाटली. हे सगळं नीट सांगायचं तर आधी मंडळीचा इतिहास सांगायला हवा. स्मरणिकेतला इतिहासही मीच लिहिलेला आहे, आणि त्यातही मी एक माणूस जवळजवळ गाळलं आहे.

आमची मंडळी म्हणजे वीस-बावीस मराठी माणसं. बहुतेक नगर, सोलापूर, जालन्याकडची ख्रिस्ती. दोन घरं कोकणातली हिंदू. शहरातल्या चर्चच्या मोठ्या आवारात प्रत्येक भाषेच्या लोकांना वेळ वाटून दिलेली असे. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून सगळ्यांचा रविवार शुक्रवारीच. आम्हाला मागच्या बाजूची एक छोटी खोली तासाभरासाठी मिळायची. आमच्या आधी तमिळ लोक असत, नंतर फिलिपिनो. त्यामुळे आत शिरताना मल्लिपूचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास यायचा आणि बाहेर पडताना गिटार जुळवल्याचा आवाज. दारावर आमच्या नावाची पाटी होती 'मराठी अभ्यासवर्ग'. खरं नाव लावलं असतं तर वाद झाले असते. आम्ही एकेश्वरी. देव एकच, येशू वाट दाखवणारा, सगळ्यांत मोठा गुरू, पण देव नव्हे, आणि दुसऱ्याच्या धर्मग्रंथातूनही देवाचा आवाज ऐकू येऊ शकतो, असं मानणारे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा उच्चार करताना ज्यांची जीभ लहानपणापासून अडखळत होती, असे लोक तिथे हळूहळू जमले होते.

पहिले पाळक रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर. तरुणपणी शिलाँगकडे नोकरीला असताना त्यांनी खासी लोकांच्या एका एकेश्वरी मंडळीत उपासना पाहिली होती. वाडग्यात पेटलेली ज्योत, तिच्याभोवती बसलेली माणसं, आणि कुणी कुणाला घाबरवत नाही. ते चित्र त्यांनी मनात पंचवीस वर्षं सांभाळलं आणि मस्कतला आल्यावर मत्रहच्या बाजारातून एक तांब्याचा वाडगा विकत आणला. त्यात तेलाचा दिवा ठेवायचा. दर शुक्रवारी पाळीपाळीने एकाने तो लावायचा आणि लावताना त्या आठवड्यातली एक खरी गोष्ट सांगायची. मोठी नको, शहाणपणाची नको, फक्त खरी. दुसरा नियम उपदेशाचा. पाळकाने उपदेश स्वतःच्या जगण्यातून आणायचा, उसना चालणार नाही. एवढे दोनच नियम. साइटवरच्या सवयीने ते उपासनेची सुरुवात 'यल्ला', म्हणजे चला, म्हणून करायचे आणि शेवटच्या प्रार्थनेनंतर, न चुकता, 'खलास'.

कंपनीचं काम संपलं तसे ते गेले. आमच्या पाळकांची नेमणूक देव करत असेल, पण मुदत व्हिसा ठरवत असे. दुसरे पाळक सोलापूरचे, प्रयोगशाळेत काम करणारे, अगदी कमी बोलणारे. त्यांचे उपदेश सात-आठ मिनिटांत संपत. "तव्यावरची भाकरी करपायच्या आत आटपावं," म्हणायचे. एकदा ते नुसतेच उभे राहिले, बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या आठवड्यात मला काही सुचलं नाही." आणि बसले. लोक त्या दिवसाची आठवण अजून काढतात. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. त्यांच्यात किती धीर होता, हे मला स्वतःवर पाळी आल्यावर कळलं.

ते ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेले आणि मंडळीने मला उभं केलं. मी एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या भिंतींच्या रेघा मारलेल्या. बायको नगरला शाळेत शिक्षिका, मुलगा तेव्हा नुकताच इकडे नोकरीला लागलेला. मी माबेलाला एका खोलीत राहत होतो. पहिल्या शुक्रवारी मी तत्त्वज्ञानाची तीन पुस्तकं वाचून एकत्वावर पाऊण तास बोललो. फिलिपिनो मंडळी दार उघडून दोनदा डोकावली.

त्या दिवशी परतताना मागच्या सीटवरून आवाज आला, "भाऊ, रागाऊ नका. पण लई आवघड बोलता तुम्ही. देवाला तरी कळलं का?"

ही बाई. नेवाशाकडची, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. माबेलाला एका मराठी डॉक्टर कुटुंबात त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करायची, स्वयंपाकही बघायची. शुक्रवारी सुट्टी. डॉक्टरांनीच मला विचारलं होतं की जाता-येता तिला गाडीत घ्याल का. माबेलाहून पाऊण तासाचा रस्ता. ती मागे बसायची, मांडीवर मंडळीसाठी केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा, आणि मी तिला आरशात पाहायचो.

"मग सोपं कसं बोलायचं ते तुम्हीच सांगा," मी जरा तोडूनच म्हणालो.

"मी काय सांगणार? मी चौथी नापास." तिने मांडीवरचा डबा नीट केला. मग म्हणाली, "आमच्या घरचा एसी गळतो. मी खाली बादली ठिवली. डाक्टर म्हनले, मेकॅनिक बोलवू. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. ते पानी मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालते. ह्या उन्हाळ्यात सगळ्या बिल्डिंगीतली झाडं गेली, माझा कढीपत्ता हाय. जे गळतंय, ते बी कुनाच्या तरी मुळाशी जातंय. एवढं जरी म्हनला असता, तरी लोकं जागी ऱ्हायली असती."

पुढच्या शुक्रवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "परवा बाल्कनीत उभा असताना मला एक विचार सुचला." माझ्या खोलीला बाल्कनी नव्हती.

तो उपदेश गाजला. एका बाईंनी तो लिहून घेतला. परतताना मी आरशात बघायचं टाळत होतो. मागून एवढंच आलं, "आज लोकं जागी व्हती."

ते 'शाबास' होतं की टोमणा, मी स्वतःला विचारलंच नाही. त्यानंतर दीडेक वर्ष हेच चाललं. माबेलाहून निघाल्यापासून मी हळूच काही विचारायचो आणि ती बोलायची. म्हातारीला कूस बदलताना आधी सांगावं लागतं, न सांगता हलवलं तर माणूस लहान मुलासारखं दचकतं, म्हणून देवानेही आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरांची मुलं भांडून वेगवेगळ्या खोल्यांत बसतात तेव्हा ती कणीक मळायला घेते. भूक लागली की दोन्ही दारं उघडतात. सगळं माझ्या तोंडून बाहेर पडायचं, 'माझ्या एका परिचित घरात' अशी सुरुवात करून. लोक म्हणायचे, पाळकसाहेब किती बदलले. ती तिसऱ्या रांगेत बसून ऐकायची आणि डब्यातली पोळी मला सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठी द्यायची.

एका शुक्रवारी रस्त्यात अपघात झाला होता आणि गाड्या तुंबल्या होत्या. आम्ही अर्धा तास एकाच जागी होतो. मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलू लागली.

तिला एक मुलगी होती. सहा वर्षांची. ताप तिसऱ्या दिवशीही उतरेना तेव्हा ती तिला कडेवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे चालत निघाली. एसटी चुकली होती. वाटेत बाजाराच्या तोंडाशी गोळ्याची गाडी उभी होती. मुलगी म्हणाली, आई, गोळा. ती म्हणाली, नको, खोकला वाढेल, बरी झालीस की घेऊ. मुलगी पुन्हा म्हणाली. तिने पदराने मुलीचे डोळे झाकले आणि पुढे गेली. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी गेली.

"तवापासून मला कुनी काय मागितलं," ती म्हणाली, "तर मी आधी देते. मग इचारते, कशाला पायजे."

पुढच्या गाड्या हलल्या. मी फक्त गिअर टाकला. "मस्कतात कुनाला सांगितलं नाय हे," ती म्हणाली.

पुढे तीन आठवड्यांनी मंडळीचा वाढदिवस होता. पाहुणे येणार होते, मुलांचं गायन होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि 'मला काही सुचलं नाही' म्हणण्याची हिंमतही नव्हती. मी ती गोष्ट घेतली. पण वाढदिवसाच्या दिवशी मेलेलं मूल कसं सांगायचं? म्हणून मी तिला गोळा दिला. लाल रंगाचा, लोकांना डोळ्यांसमोर दिसावा म्हणून. मुलगी हसली. चार दिवसांत खेळू लागली. 'देव मनाईत नाही, देण्यात आहे,' असं मी शेवटी म्हणालो, आणि लोकांनी डोळे पुसले, आनंदाने.

तिसऱ्या रांगेत ती हात मांडीवर ठेवून बसली होती. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. परतीच्या पाऊण तासात ती एकच वाक्य बोलली, "एसी जरा कमी करा, भाऊ."

पुढच्या शुक्रवारी दिवा लावायची पाळी तिची होती. तिने काडी ओढली, वात पेटवली. एरवी ती दिवा लावताना काहीतरी गमतीचं सांगून सगळ्यांना हसवायची. त्या दिवशी म्हणाली, "माझी पोरगी सहा वर्सांची व्हती." आणि जागेवर जाऊन बसली. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मग कुणीतरी गीत सुरू केलं. त्या खोलीत तिचं बोलणं पूर्ण झालंय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि उपदेशासाठी उभं राहायचं होतं तेही मलाच.

ती नंतरही माझ्या गाडीतून येत राहिली. डबाही आणायची. पण आता कांद्याचे भाव, डॉक्टरांच्या मुलांच्या परीक्षा, फार तर उन्हाळा. मी विचारलं तरी तेवढंच. माझे उपदेश पुन्हा अवघड झाले. लोकांना वाटलं, पाळकसाहेब थकले.

अशात स्मरणिका निघाली. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या पाळकांवर दोन पानं लिहिली, दुसऱ्यांवर एक. तिसऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, लिहिलं की 'त्यांच्या काळात उपदेश रोजच्या जगण्याच्या जवळ आला.' तिच्याबद्दल एक ओळ होती, स्वयंपाकात मदत करणाऱ्या भगिनींच्या यादीत. आणि माझा निवडक उपदेश म्हणून लोकांनी तोच मागितला, गोळ्याचा. नको म्हणायला माझ्यापाशी कारण होतं. मी ते सांगितलं नाही.

डॉक्टरांची आई गेली, तशी बाईंची नोकरी संपली. विमानतळावर सोडायला मी गेलो. माबेलाहून विमानतळ जवळ, त्यामुळे मला बोलायला फार वेळ नव्हता.

"बाई, मला तुमच्याशी बोलायचंय. माझे ते उपदेश... ते तुमचे होते."

मागून हसण्याचा आवाज आला. मोकळं, मोठ्याने हसणं. "अवो भाऊ, ते काय गुपित हाय का? तुमी कवा कनीक मळलीय? अख्ख्या मंडळीला ठावं व्हतं. जालन्याच्या वहिनी तर मला कोपरानं ढोसायच्या, म्हनायच्या, बाई, आज तुमी लई ग्वाड बोलला."

माझे कान तापले. इतकी वर्षं मी जे लपवत होतो ते सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी मला उघडं पाडलं नव्हतं.

"तुम्ही का नाही बोललात?"

"बोलनं काय, वाऱ्यावर जातंय. तुमच्या तोंडून गेलं, माझ्या तोंडून गेलं. मी उभी ऱ्हायले असते तर पाय लटपटले असते." विमानतळाचा फाटा दिसू लागला होता. "पन माझी पोरगी तुमी वाचिवली, भाऊ. ती वाचली नव्हती."

मी गाडी बाजूला घेतली.

"त्या दिशी मी ऐकत व्हते," ती म्हणाली, "आन् घडीभर मला खरंच वाटलं की दिला व्हता मी गोळा. हसली व्हती ती. मंग लोकांनी टाळ्या वाजिवल्या. घरी आले आन् पुन्यांदा पहिल्यापासून रडावं लागलं. डाक्टरीनबाईंनी ते छापलेलं वाचून दाखिवलं तवा तिसऱ्यांदा."

"मी बदलतो. सगळ्यांसमोर सांगतो. याच शुक्रवारी."

"मला नाव नगं. माझी पोरगी तेवढी व्हती तशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आणि ट्रॉलीवर बॅगा चढवताना पुन्हा नेहमीच्या आवाजात, "येळेवर जेवत जा. डबा कोन आननार आता?"

त्या शुक्रवारी मी सांगितलं नाही. पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दिवा लावायची पाळी माझी नव्हती. मग उन्हाळा आला, अर्धी मंडळी गावी गेली. मग मी निवृत्त झालो, पाळकपण एका नर्सने घेतलं, ती फार छान बोलते आणि सगळं स्वतःचं बोलते. मी मुलाकडे राहायला आलो. कारणं मिळत गेली. माझ्या धंद्यात नकाशात चूक सापडली तर ती खोडत नसत. चुकलेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढायची, बाजूला लिहायचं काय बदललं, आणि नकाशा पुन्हा सगळ्यांना पाठवायचा. हजार वेळा केलंय. एवढं एकदाच जमलं नाही.

नातीने ते पान वाचलं त्या संध्याकाळी मी तिला बोलावून सांगितलं, "ती मुलगी बरी झाली नव्हती. मी तुला चुकीचं सांगितलं. आईने तिला गोळा दिला नव्हता."

ती विचार करत बसली. "का नाही दिला?"

"खोकला वाढेल म्हणून."

"मम्मी पण नाही देत," ती म्हणाली, अगदी सहज, आणि टीव्हीकडे वळली.

मी मग हे लिहायला बसलो. मंडळीला देण्याआधी बाईंना ऐकवायला हवं होतं. डॉक्टरांकडून नंबर मिळाला. ती आता नेवाशाला भावाच्या घरी असते. मी फोनवर तिला सगळं वाचून दाखवलं, कढीपत्त्यापासून नातीपर्यंत. नातीचं वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "थांबा. पुन्यांदा वाचा."

"'मम्मी पण नाही देत.'"

"आसं म्हनली ती?"

"हो. सगळ्याच आया देत नाहीत, बाई. तापात कोण देईल?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी तिला हाक मारली, तिने "आले" म्हटलं, पण गेली नाही.

"पाठवू का मग मंडळीला?" मी विचारलं. "शुक्रवारी दिव्यापाशी वाचतो. स्मरणिकेत घालायला प्रत्येकाला दुरुस्तीचं एक-एक पान देतो."

"द्या. पन एक ऱ्हायलंय."

"काय?"

"लाल नव्हता. गाडीवर लाल बी व्हता, पन तिला लाल आवडायचा नाय. पिवळ्याकडं बोट दावलं व्हतं तिनं."

मी पेन घेतलं आणि तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणत लिहिलं. न दिलेला गोळा पिवळा होता.